दिगूच्या गुडघ्याची खांदेमळणी

माझा भाऊ दिगू गेली कित्येक वर्षं एक गोष्ट सांगत फिरतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, मयतीला बसायला गेला तर तिथं सांगतो, मलकापूरच्या स्टेशनावर गाडी लेट असली तर बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतो. गोष्ट अशी, की त्याच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे मी, कांतानं, वाडगाभर लोण्यात त्याची सरकारी नोकरी बुडवली. ऐकणारे हसतात आणि मग माझ्याकडे बघतात, की आता ही बाई खाली मान घालेल. मी घालत नाही. लोणी मीच लावलं होतं, त्यात हळदही मीच कालवली होती, आणि आज पुन्हा ती संध्याकाळ आली तर पुन्हा लावीन. पण आता वय झालं. उद्या मी नसले तर गावात त्याची एकट्याचीच बाजू उरेल, म्हणून माझी बाजू लिहून ठेवते आहे. पटो न पटो.

आमचं घर देऊळघाटच्या शिवारात, मळ्यातच होतं. वांगी, मेथी, मिरच्या आणि कोथिंबीर, जिला आम्ही सांबार म्हणतो. अंगाला, कपड्याला, अंथरुणाला, सगळ्याला सांबाराचा वास. नववीनंतर माझी शाळा सुटली ती या सांबाराच्या जुड्या बांधण्यासाठीच. सकाळ व्हायची ती तीन आवाजांनी. विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि गोठ्याच्या भिंतीवर दिगूच्या चेंडूचा धप्प, धप्प. चेंडू मामानं आणून दिलेला. तो मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि तिथल्या पोरांचं फुटबॉल बघून खुळावला होता. दिगू डाव्या पायाचा. भिंतीवर कोळशानं एक गोल काढलेला, त्यात तो चेंडू मारायचा, आणि आमचे दोन बैल, मोऱ्या आणि चांद्या, रवंथ करत त्याच्याकडे बघत राहायचे. माय ओरडायची, "दिग्या, भित पाडतं का आता?" तो म्हणायचा, "पडली त पडली, नवी बांधून देईन." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, असं उभ्या उभ्या खाऊन तो शाळेमागच्या मैदानावर पळायचा. मला राग यायचा. खरं सांगते, हेवा वाटायचा. मलाही पळता येत होतं की. पण पोरीच्या पळण्याला कोण विचारतं! तरी तो खेळत असला की मी काहीतरी निमित्त काढून मैदानाच्या बाजूच्या रस्त्यानं जायची, आणि डोक्यावरचं टोपलं न उतरवता उभी राहून बघायची. काय खेळायचा पोट्टा! त्याच्यासारखं कोणी नव्हतं, हे मी बहीण म्हणून नाही बोलत.

त्या वर्षी आमच्या गावाचा संघ पंचक्रोशीच्या सामन्यांत फायनलला पोचला. फायनल ठेवली पोळ्याच्या सकाळी. त्याला कारण होतं. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणजे माणसंही मोकळी. सकाळी सामना, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी तोरणाखाली बैल. आणि संघाला शिकवणारे आमच्या शाळेतले इंगळे सर यांनी नागपूरहून एका साहेबांना बोलावलं होतं. त्या साहेबांच्या खात्याचा फुटबॉलचा संघ होता, त्यात एक जागा रिकामी होती. खेळ पसंत पडला तर नोकरी. आयुष्यभराची, पेन्शनीची. आमच्या घरात तोवर कोणी पगार पाहिलेला नव्हता.

आणि फायनलच्या आठ दिवस आधीच्या सामन्यात एक दांडगा गडी दिगूच्या डाव्या पायावर सगळ्या वजनानिशी पडला. गुडघा फुगून नारळाएवढा झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की हाड शाबूत आहे, पण सांध्याला धरून ठेवणारी आतली दोरी तुटायच्या बेतात आहे. तीन आठवडे पूर्ण आराम. खेळला आणि ती तुटली तर पाय जन्मभर दगा देईल. दिगूनं ऐकलं, मान डोलावली, आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर उगीच घाबरवतात.

तिसऱ्या दिवशी सूज जरा उतरली. तो अंगणात चालून दाखवू लागला. "पाहा, काही दुखत नाही." आबा, म्हणजे आमचे वडील, खूश. मीही खूशच झाले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वांगी तोडायला गेले तेव्हा हा पठ्ठ्या वांग्यांच्या ओळीत एकटाच उभा. कोणी बघत नाही असं वाटून त्यानं किडकं वांगं जमिनीवर ठेवलं, दोन पावलं मागं गेला आणि डाव्या पायानं मारलं. वांगं जेमतेम हातभर सरकलं आणि तो खालीच बसला. ओरडला नाही. सदऱ्याची बाही तोंडात कोंबून चावत राहिला, डोळ्यातून नुसतं पाणी. मी टोपलं टाकून धावले. त्यानं माझा हात असा धरला की बोटं उमटली. "ताई, मायची आन हाय तुले. कोनाले सांगशील त माय मरन." मी म्हटलं, "अरे, पण पाय..." तर म्हणाला, "पाय माझा हाय. आन घे." घेतली. काय करणार? आमच्या घरी मायची आन म्हणजे थट्टा नव्हती. मी ती आजपर्यंत मोडलेली नाही. आता माय जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे.

पोळ्याच्या तीन दिवस आधी इंगळे सर घरी आले. बाजेवर बसून चहा पीत म्हणाले, "डॉक्टरचं काय घेऊन बसता आबा? डॉक्टर म्हनते आराम कर. साहेब काय दर आठवड्याले येते का? मॅचच्या आधी एक सुई देऊ गुडघ्यात. मी बोलून ठेवलं हाय. दीड तास पायाले काही समजतच नाही."

"अन् दीड तासानंतर?" मी चुलीजवळून विचारलं.

"तुले कोन इचारलं वं?" आबा म्हणाले. "मानसं बोलून राह्यली ना."

"मानसं बोलून राह्यली, पन पायाचं कोनी बोलून नाही राह्यलं."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. आबांचा चेहरा लाल झाला. पण ते ओरडले नाहीत, हळूच बोलले, आणि ते मला जास्त लागलं. "कांते, म्या जलमभर डोक्यावर टोपलं वाह्यलं. पावसात, उन्हात, बाजारात लोकाईचं बोलनं खाऊन. ह्यानं वाहू नये. एवढंच हाय माझं." त्यांच्या टाळूवर टोपल्याच्या चुंबळीनं केस घासून गेले होते, ते मी रोज बघत होते. दिगू म्हणाला, "म्या खेळतो आबा. मले काही होत नाही." ठरलं. माय? ती ताक घुसळत होती, घुसळत राहिली.

इथं मला मोऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन वर्षं आधी ऐन डवरणीत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांनी तण काढायच्या दिवसांत, मोऱ्याचा खांदा सुजला. लोक म्हणाले, तेल लाव आणि जुंप, तण थांबतं का? आबांनी जुंपला नाही. बारा दिवस! गवत पिकाच्या डोक्यावर गेलं. आबा, माय, दिगू आणि मी, चौघं हातांनी निंदत बसलो, हाताला फोड आले, आणि मोऱ्या बाभळीखाली बसून आमच्याकडे बघत रवंथ करत होता. येणारा-जाणारा हसायचा, "काय बुवा, बैल मालक अन् मालक बैल?" आबा म्हणायचे, "सुजल्या खांद्यावर जू ठेवनारा मानूस नाही." त्या वर्षी पीक निम्मं आलं. आबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ते अभिमानानं सांगायचे.

ते तीन दिवस ही गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. आन घेतलेली, सांगता येत नव्हतं. गप्प बसता येत नव्हतं. जेवण जाईना. सांबाराच्या जुड्या बांधताना मी दोनदा दोरीऐवजी पदर बांधला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलांना नाल्यावर धुऊन आणलं. अंगणात गरम पाणी, पळसाची पानं, वाडग्यात लोणी आणि हळद. वर्षभर जू वाहून दगड झालेला खांदा पळसाच्या पानानं शेकायचा, त्यावर लोणी-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवायचं आमंत्रण. एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. मग आभाळ कोसळो. आबांनी आयुष्यात हे मोडलं नव्हतं. हे काम गडीमाणसांचं. आमच्या घरी बाईनं कधी त्या वाडग्याला हात लावला नव्हता.

आबांनी मोऱ्याचा खांदा चोळला, चांद्याचा चोळला, दोघांना आवतन दिलं. दिगू बाजेवर पाय लांब करून बसला होता. इंगळे सर उद्या किती वाजता निघायचं आणि सुई कुठं घ्यायची ते सांगायला आले होते. वाडग्यात थोडं लोणी उरलं होतं, हळद संपली होती. मी उठले. मायनं माझ्याकडे पाहिलं. काय कळलं तिला देव जाणे. तिनं हळदीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि लोण्याचा आणखी एक गोळा वाडग्यात टाकला. मी हळद कालवली, गरम पळसाचं पान घेतलं, दिगूसमोर जमिनीवर बसले आणि त्याचा पायजमा गुडघ्यावर सरकवला.

"ए, काय करून राह्यली तू?"

मी पान ठेवलं. मग लोण्याचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबला. फार नाही, बैलाला दाबतात तेवढाच. दिगू असा किंचाळला की चांद्यानं दाव्याला हिसका दिला. मी चोळत राहिले. आवाज मोठा काढला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सर हसले. "अवं पोरी, बैल हाय का तो?"

"बैल असता त आबांनी तुम्हाले अंगनातही येऊ देल्लं नसतं," मी म्हटलं. "मोऱ्याच्या खांद्यासाठी आम्ही बारा दिवस हातानं निंदलं. आबा, तेव्हा कोनी म्हटलं असतं की मोऱ्याले सुई देऊ, दीड तास त्याले काही समजनार नाही, त तुम्ही काय केलं असतं? सांगा ना. तुमच्या पोराची किंमत बैलाहून कमी हाय का?"

एवढं मी बापाला कधी बोलले नव्हते. वाटलं, आता कानाखाली बसते. दिगू दात खात होता, "ताई, उठ. उठ म्हनतो ना." आबा तसेच उभे, हाताला हळद. मग ते दिगूला म्हणाले, "उभा राह्य. गव्हाणीपासून दारापर्यंत चालून दाखव." बाजारात बैल घेताना ते असंच चालवून बघायचे, मालकाच्या तोंडाकडे न बघता नुसतं पायाकडे बघायचे. दिगू उठला. चार पावलं चांगली टाकली. मग आबा म्हणाले, "वळ." वळताना डावा गुडघा आत लचकला आणि त्यानं मोऱ्याच्या पाठीचा आधार घेतला.

आबांनी हात पुसले. "आवतन गेलं सर," ते म्हणाले. "उद्या ह्याले जू नाही."

"आबा, नोकरी जाईन! पोरीच्या खेळापायी?"

"जाईन त जाईन. आवतन माह्या अंगनात देल्लं हाय."

सर तणतणत गेले. दिगूनं सदऱ्यानं गुडघा पुसला आणि तो सदरा माझ्या अंगावर फेकला. "तू माही बहीन नाही," म्हणाला. मी म्हटलं, "नसू दे. पाय त राहीन." मग मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले आणि त्या खडखडाटात पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुरण वाटत होते. बायका सामन्याला जात नसत, पण मैदानाचा आवाज आमच्या मळ्यापर्यंत यायचा. दिगू गोठ्याच्या दारात बसला होता, त्याच्या कोळशाच्या गोलाकडे तोंड करून. दोन वेळा नुसता गलका झाला. मग असा एकच आरडाओरडा उठला की झाडावरचे कावळे उडाले. आम्ही जिंकलो होतो. हो, त्याच्याशिवाय जिंकलो. त्याच्या जागी खेळलेल्या नामदेवनं गोल केला होता. दिगू माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो माहा गोल होता, ताई." हरले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आणि गावाची असून असं वाटल्याची लाज आजही नाही. त्या दिवशी त्याच्या ताटात मी पहिली पोळी वाढली. त्यानं ती उचलून मोऱ्याला घातली.

नोकरी नामदेवला लागली. तो तीस-पस्तीस वर्षं खाऊन-पिऊन सुखी राहिला, फरशीचं घर बांधलं, आणि त्याचे पाय आजही ठणठणीत आहेत. हेही लिहिते, लपवत नाही. दिगूचा गुडघा पुढच्या उन्हाळ्यात बरा झाला, तो गावाच्या संघात बरीच वर्षं खेळला, पण साहेब काही परत आले नाहीत. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. पुढच्या राखीला त्यानं हात पुढं केला नाही, तेव्हा मी ती राखी मोऱ्याच्या शिंगाला बांधली आणि मोठ्यानं म्हटलं, "हा तरी माझा भाऊ हाय." दुसऱ्या दिवशी राखी शिंगावर नव्हती. आठवड्यानं ती मला दिगूच्या सदऱ्याच्या खिशात सापडली, धुवायला टाकलेल्या. मी ती वाळवून परत खिशात ठेवली.

लोक विचारतात, खेळला असता तर खरंच पाय गेला असता का? मला काय माहीत? मी काय देव आहे? नसताही गेला. कदाचित आज फरशीच्या घरात दिगू राहिला असता आणि मला साडीचोळी केली असती. मी एवढंच जाणते, की मी त्याला वांग्यांच्या ओळीत बाही चावताना बघितलं होतं. आबांच्या डोक्यावरचं टोपलं शेवटी त्याच्याच डोक्यावर आलं, हे खरं. पण ते घेऊन तो बाजाराचा चढ चाळीस वर्षं चढला तो त्याच गुडघ्यावर. ही माझी बाजू. सरांना, साहेबांना, गावाला कोणालाही मी उत्तर देणं लागत नाही.

गेल्या पोळ्याला मी माहेरी गेले होते. आता दिगूच घरचा मोठा. बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, तरी भावजय त्या संध्याकाळी वाडग्यात लोणी काढते आणि ट्रॅक्टरला बोटभर लावतात. माझे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी उभं राहू नका म्हणून बजावलं आहे. पण घरात तीस माणसं, आणि आमच्या घरच्या पुरणपोळ्या माझ्याशिवाय कोण करणार? मी सांगून टाकलं, उद्या चूल माझी, कोणी मधे यायचं नाही. सगळ्यांनी समजावलं, मी कोणाचं ऐकलं नाही. जन्मात ऐकलं नाही ते आता कशाला?

दिगू ट्रॅक्टरपाशी होता. तो वाडगा घेऊन आला, माझ्यासमोर खाली बसला. बसताना त्याचा डावा गुडघा कटकन वाजला. मी पाय ओढायला गेले, त्यानं घोटा धरून ठेवला. हळद-लोण्याचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबला, नेमका तिथंच, आणि मी आईगं म्हणून ओरडले. अंगणात सगळे हसायला लागले. तो नाही हसला. माझ्याकडे बघत म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हळू आवाजात, "उद्या चुलीजवळ दिसली त पाह्यजो."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "मंग आता माफ केलं म्हन की मले."

"माफ?" दिगू म्हणाला. "मरेपर्यंत नाही. तो दुसरा पाय इकडे कर."